बाल्कन देशातली माझी साडेचार तासांची उमेदवारी

मी एका देशाच्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत साडेचार तास आघाडीवर होतो. त्या देशात मी कधी पाऊल टाकलेलं नाही, तिथली भाषा मला येत नाही, आणि त्या साडेचार तासांतली पहिली वीस मिनिटं मी सिंगापूरला, आंग मो किओमधल्या आमच्या ऑफिसच्या पँट्रीत, बिस्किटाचा पुडा फोडत उभा होतो. माझ्या विजयाची घोडदौड चालू आहे हे मला ठाऊकच नव्हतं.

देशाचं नाव सांगत नाही. बाल्कन डोंगरांतला छोटा देश आहे एवढं पुरे. आमच्या करारात गुप्ततेचं कलम होतं, आणि सवयीनं मी लिहिताना अजून ते पाळतो. शिवाय नाव सांगूनही उपयोग नसे. आमच्या मित्रमंडळींना मी तो देश नकाशावर दाखवला की 'अच्छा, युरोपच्या आतल्या बाजूला' असं म्हणून ते पुन्हा कंडोतल्या फ्लॅटच्या भाड्याकडे वळत.

धंदा काय होता ते आधी सांगतो. निवडणुकीचं सॉफ्टवेअर म्हटलं की लोकांचे डोळे बारीक होतात. 'म्हणजे कोण निवडून येणार ते तुम्ही ठरवता का?' असं पुण्यातल्या माझ्या साडूंनी मला दर सुट्टीत विचारलं आहे. तर नाही. आम्ही फक्त बेरीज करायचो. मतदान कागदावर व्हायचं, मोजणी माणसं हातानं करायची. प्रत्येक केंद्राचा तक्ता जिल्ह्याच्या कचेरीत जायचा, तिथे दोन वेगळी माणसं तो दोनदा टाइप करायची, आणि दोन्ही जुळले तरच आकडा पुढे सरकायचा. मग आमची बेरीज, आणि पडद्यावर उमेदवारांच्या नावापुढे लांब-आखूड पट्ट्या. तिसरीतल्या पोरांना जमेल एवढंच गणित त्यात होतं. अवघड होतं ते गिऱ्हाईक.

गिऱ्हाईक म्हणजे पाच पक्षांचं आघाडी सरकार. तिथे राष्ट्राध्यक्ष लोक थेट निवडतात, गरज पडली तर दोन फेऱ्यांत. सरकार मात्र संसदेतल्या पक्षांनी जुळवायचं असतं. पाच पक्ष एकत्र आले तेव्हा कुठे बहुमत झालं होतं, आणि म्हणून एका निवडणुकीची कामं पाच खात्यांत वाटली गेली होती. मतदारयादी गृहखात्याकडे, नियम न्यायखात्याकडे, यंत्रं आणि तारा दळणवळण खात्याकडे, आमच्या बिलावर सही अर्थखात्याची. पाचव्या पक्षाचे संसदेत दोनच सदस्य होते आणि त्यांना क्रीडाखातं मिळालं होतं. निवडणुकीशी क्रीडाखात्याचा संबंध काय, असं मी एकदा पत्रात विचारलं. उत्तर आलं की संबंध काही नाही, पण त्यांची संमती लागते.

मी त्या पाचव्या पक्षाचं नाव 'मामा' ठेवलं. आपल्या लग्नात मुलीला बोहल्यापर्यंत आणायला मामा लागतो. एरवी त्याला कुणी विचारत नाही, पण मुहूर्ताच्या दहा मिनिटं आधी तो रुसला की दोन्हीकडचं वऱ्हाड त्याची समजूत काढायला धावतं. हा मामा दर पंधरवड्याला रुसायचा.

पट्ट्यांच्या रंगाचंच घ्या. पाचही पक्षांना आपापला रंग, विरोधकांना उरलेले. कुठल्याही पक्षाचा रंग पट्टीला नको, असा पहिला ठराव झाला. मी निळा सुचवला तर न्यायखातं चिडलं, पिवळा सुचवला तर गृहखातं. अडीच महिने पत्रव्यवहार झाल्यावर सगळ्या उमेदवारांच्या पट्ट्या एकाच शेवाळी रंगाच्या करायच्या ठरल्या. मग टक्केवारी. चौघांना पूर्णांक चालत होते. मामा म्हणाले, दशांशानंतर दोन आकडे हवेत. हट्ट अगदीच अनाठायी नव्हता. त्यांचा पक्ष दशांश चिन्हाच्या उजवीकडेच राहायचा.

एकदा या मंडळींचं शिष्टमंडळ सिंगापूरला आलं. पाच खात्यांचे पाच अधिकारी, पाच वेगळ्या हॉटेलांत. प्रत्येकानं मला एकेकटं गाठून विचारलं, की बाकीच्या चौघांच्या आधी मला निकाल दिसेल अशी सोय करता येईल का. येणार नाही म्हटल्यावर प्रत्येकाच्या चेहऱ्यावर निराशा आणि लगेच समाधान दिसलं, कारण ती सोय बाकीच्यांनाही मिळणार नव्हती. दुपारी त्यांना आमच्या ब्लॉकखालच्या हॉकर सेंटरमध्ये जेवायला नेलं. सिंगापूरची रीत अशी की जेवण आणायला जायच्या आधी टेबलावर टिश्यू पेपरचं पाकीट ठेवायचं. पाकीट दिसलं की ते टेबल तुमचं, पंतप्रधान आले तरी तिथे बसणार नाहीत. हे पाहून मामांचे प्रतिनिधी हरखून गेले. जाड मिशांचा भला माणूस होता. म्हणाला, "आमच्याकडे मंत्रिमंडळ असंच बनतं. फक्त लोक पाकीट ठेवून जातात आणि जेवण आणायला जातच नाहीत." जाताना त्यानं माझ्याकडून डझनभर पाकिटं मागून नेली.

मी हसायचो. त्या देशाला मनसोक्त हसायचो. आमच्या गणेश मंडळात माझी ती खास बैठक असायची. आरती झाली, प्रसाद झाला, की कोणीतरी म्हणायचं, "पारखी, बाल्कनची काय खबर?" आणि मी सुरू व्हायचो.

मंडळाबद्दल सांगणं भाग आहे. आमचं छोटं मंडळ, पुण्यामुंबईची वीस-बावीस घरं. दर वर्षी अध्यक्षाची निवड व्हायची आणि दर वर्षी ती एकमतानं व्हायची. मतदान कधीच नाही, कारण मतदान झालं तर वाईटपणा येतो. आधी फोनाफोनी व्हायची, मग सभेत कुणीतरी एक नाव घ्यायचं, टाळ्या पडायच्या. सलग सहा वर्षं त्या टाळ्या चंद्रशेखर राजाध्यक्ष यांच्या नावाला पडल्या आणि मला उपाध्यक्ष केलं गेलं. घरी आलो की माझी लेक तिच्या सिंगापुरी इंग्रजीत विचारायची, "पपा, लूझ अगेन आह?" मी म्हणायचो, हरायला निवडणूक व्हावी लागते. ती म्हणायची, "सेम थिंग, लाह." मला ते पद हवं होतं, हे आता कबूल करायला काही हरकत नाही. जगातल्या निवडणुकांच्या बेरजा करणाऱ्या माणसाला बावीस घरांत एकदा तरी निवडून यावंसं वाटणारच.

आता रजनी. रजनी गजभिये आमच्या टीममध्ये चाचणी विभागाच्या प्रमुख होत्या. मूळच्या नागपूरच्या. नोकरी एम्प्लॉयमेंट पासवर. हा पास कंपनीच्या नावाला बांधलेला असतो. नोकरी गेली की पास रद्द आणि महिन्याभरात देश सोडायचा. त्यांचे यजमान मिलिंद आणि सातवीतली लेक, दोघांचे पास त्यांच्या पासवर लोंबकळलेले. त्यांनी पर्मनंट रेसिडन्सीसाठी अर्ज केला होता आणि उत्तराची वाट पाहत होत्या. मला ती कधीच मिळाली होती. माझी नोकरी गेली असती तरी माझा देश सुटला नसता. हा फरक वाचकांनी लक्षात ठेवावा. माझ्या तो वेळेवर लक्षात आला नाही, किंवा आला आणि मी तो बाजूला ठेवला.

बाई कामात चोख. चूक सापडली की त्या तोंडी सांगायच्या आणि पाठोपाठ लिहून पाठवायच्या. दोन वर्षं माझ्या शेजारच्या टेबलाशी बसत होत्या, पण आमच्या मंडळाच्या यादीत त्यांचं नाव नव्हतं. मुद्दाम वगळलं होतं असं नाही, कुणाला सुचलंच नव्हतं. मी एकदा त्यांना एकमताचा किस्सा सांगितला तेव्हा त्या म्हणाल्या, "आमच्या मंडळात तर मतपेटी असते सर. बाबासाहेबांच्या जयंतीच्या आधी दरसाल मतदान. मागच्या साली दोन मतांनी अध्यक्ष पडले. पडले तरी हॉल लावायला सगळ्यात आधी तेच आले." मी म्हटलं, "अरे वा!" आणि विषय बदलला.

सॉफ्टवेअर तयार होत आलं तेव्हा खरे उमेदवार ठरले नव्हते. त्यांचे अर्ज कोर्टात अडकले होते. चाचणीसाठी रजनींनी 'उमेदवार एक', 'उमेदवार दोन' अशी नावं घातली होती. मी म्हटलं, खऱ्या माणसांची नावं घाला, लांब नाव रकान्यात बसतं का तेही कळेल. कारण खरंच होतं, पण यादी मी आमच्या मंडळाच्या कार्यकारिणीची दिली. अध्यक्ष चंद्रशेखर राजाध्यक्ष, चिटणीस, खजिनदार, आणि उपाध्यक्ष जयंत पारखी, म्हणजे मी. मतांचे आकडेही मीच सुचवले. सहा वर्षांचा हिशेब मनात होता. राजाध्यक्षांना मी तिसऱ्या नंबरवर टाकलं आणि स्वतःला घसघशीत आघाडी दिली. लंच अवरमध्ये कधी उदास वाटलं तर मी तो पडदा उघडून बघायचो. शेवाळी पट्टी होती, पण लांब होती.

पुढे रंगीत तालीम ठरली. सगळ्या जिल्हा कचेऱ्यांतून मी सुचवलेले लटके आकडे पाठवायचे, बेरीज नीट होते का ते राजधानीत बसून पाहायचं. रजनी तिकडे जाणार होत्या. त्यांनी आधी सुचवलं की पडद्यावर आडवा 'चाचणी' शब्द छापू. न्यायखात्यानं हरकत घेतली की निकालाच्या पडद्यावर असा शब्द छापायची कायद्यात तरतूद नाही. मग रजनींनी मला मेल केली. ती मला पाठ आहे: 'सर, चाचणी शब्द नाकारला आहे. त्यामुळे तालमीआधी माणसांची नावं काढून पुन्हा उमेदवार एक, दोन करावं असं माझं मत आहे. कृपया कळवा.' मी एका ओळीचं उत्तर पाठवलं. 'राहू द्या, कोण बघणार आहे?'

तालीम त्यांच्या सकाळी दहाला होती, आमच्या दुपारी चारला. मी पँट्रीत असताना खिशातला फोन वाजला.

"सर, तुम्ही टीव्हीवर आहात."

"कुठल्या टीव्हीवर?"

"इथल्या सरकारी. दळणवळणवाल्यांनी त्यांच्या तारा किती चांगल्या चालतात ते दाखवायसाठी आपला पडदा टीव्हीला जोडून दिला. गृहखात्याला सांगितलंच नाही. वीस मिनिटं झाली. मी बंद करा म्हणते, तर ते म्हणतात, बंद करायला पाचही खात्यांची सही लागते."

"आणि काय दिसतंय?"

"तुम्ही आघाडीवर आहात, सर."

खरं सांगतो, पहिल्यांदा मला आनंद झाला. मग मी घाबरलो. पण आनंद आधी झाला, हे इथे नोंदवून ठेवतो.

पुढचं मी रजनींच्या फोनवरून आणि नंतर वर्तमानपत्रांच्या भाषांतरांतून जमवलं. तिथल्या वृत्तनिवेदिकेनं आधी गोंधळून, मग सरावानं निकाल सांगायला सुरुवात केली. त्यांच्या भाषेत माझ्या नावातला 'ज' हा 'य' होतो, म्हणून मी 'यायांत पार्की' झालो. दोन विश्लेषक स्टुडिओत आणून बसवले गेले. निवडणूक अजून पाच आठवड्यांवर आहे, हे त्यांतल्या एकालाही खटकलं नाही. एकानं सांगितलं की पार्कींना डोंगराळ भागातली मतं मिळाली आहेत. दुसऱ्यानं सांगितलं की शहरी मध्यमवर्ग जुन्या चेहऱ्यांना विटला होता, हे होणारच होतं.

दुपारपर्यंत आघाडी सरकार हललं. गृहखात्याचा पक्ष म्हणाला, पार्की हा न्यायखात्यानं गुपचूप उभा केलेला माणूस आहे. न्यायखातं म्हणालं, तो दळणवळणवाल्यांचा, नाहीतर त्यांच्याच तारांतून कसा आला? विरोधकांनी मला जाहीर वादविवादाचं आव्हान दिलं. एका संध्याकाळच्या वर्तमानपत्राला माझे शाळेतले मास्तर सापडले. मी लहानपणापासून अबोल आणि प्रामाणिक होतो, असं त्यांनी सांगितलं. आणि मामांचे पक्षप्रमुख रेडिओवर म्हणाले की पार्की यांच्याशी आमची बोलणी बऱ्याच दिवसांपासून चालू आहेत, ती सकारात्मक आहेत, आणि योग्य वेळी आम्ही निर्णय जाहीर करू.

साडेचार तासांनी पाचवी सही मिळाली आणि पडदा बंद झाला. ती पाचवी सही मामांची होती, आणि आपल्या उमेदवाराचा असा अपमान कशाला, म्हणून ते देत नव्हते. निवडणूक आयोगानं खुलासा केला की ही तालीम होती, पार्की नावाचा कोणीही अस्तित्वात नाही. आयोगावर तिथे कुणाचाच विश्वास नसल्यामुळे माझ्या अस्तित्वाबद्दल उरलीसुरली शंका मिटली. कॉलेजच्या मुलांनी माझ्या नावाचे बिल्ले छापले.

त्या रात्री जेवताना मी घरी हे सगळं सांगितलं. लेक टेबलावर हात आपटून हसली. "पपा, फायनली यू विन!" बायको मात्र हसली नाही. तिनं विचारलं, "आता कुणाच्या डोक्यावर फुटणार हे?"

तिचं बरोबर होतं. आठवड्याभरात सरकारचं पत्र आलं. पाच पक्षांची चौकशी समिती बसली होती आणि इतिहासात पहिल्यांदाच तिचं एकमत झालं होतं: चूक परदेशी कंपनीची आहे. 'चाचणी' शब्द छापू न देणारं न्यायखातं, न सांगता तार जोडणारं दळणवळण खातं, सही अडवणारे मामा, सगळे निर्दोष. कंपनीनं जबाबदार व्यक्तीचं नाव लेखी कळवावं, नाहीतर करार रद्द.

आमच्या ऑफिसात बैठक झाली. डायरेक्टर मिस्टर लिम, विक्रीचा ग्रॅहम, एचआरच्या मिस चोंग आणि मी. रजनी अजून त्या राजधानीत होत्या, खऱ्या उमेदवारांची नावं घालत. ग्रॅहम म्हणाला, हा काही विक्रीचा प्रश्न नाही. मिस चोंग म्हणाल्या, प्रशिक्षणाच्या नोंदी पूर्ण आहेत, म्हणजे हा एचआरचाही नाही. लिम चांगला माणूस होता, भांडण त्याला सोसायचं नाही. तो म्हणाला, "जयंत, दे जस्ट वाँट वन नेम, लाह. नॉट सो कॉम्प्लिकेटेड." मग तोच पुढे म्हणाला, "टेस्ट डेटा मीन्स टेस्टिंग, राइट?"

कुणी मत विचारलं नाही, कुणी हात वर केला नाही. फक्त सगळे माझ्याकडे बघत होते. त्या दोन-तीन क्षणांत मला ती मेल आठवत होती, शब्दन् शब्द. माझ्या लेकीचं दहावीचं वर्ष आहे, हेही आठवत होतं. रजनींची लेक सातवीत आहे, हे आठवलं नाही असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो आहे. मी म्हणालो, "येस, टेक्निकली, टेस्टिंग." मिस चोंगनी लिहून घेतलं. बैठक अकरा मिनिटांत संपली. आमच्या मंडळातसुद्धा एकमत व्हायला याहून जास्त वेळ लागतो.

प्रोजेक्ट मॅनेजर म्हणून अहवाल मीच लिहायचा होता. 'चाचणी विभागाच्या अनवधानामुळे प्रत्यक्ष व्यक्तींची नावं प्रणालीत राहिली.' इंग्रजीत हे वाक्य आणखी गुळगुळीत दिसतं. मी खाली सही केली.

निवडणूक होईपर्यंत रजनींना काही सांगायचं नाही, असं ठरलं. त्यांच्याशिवाय बेरीज होणार नव्हती. खरी निवडणूक दोन फेऱ्यांत झाली. एकही आकडा चुकला नाही, दोन्ही वेळा. जे गृहस्थ निवडून आले त्यांचा विजय पाचही पक्षांनी आपलाच म्हटला, आणि दुसऱ्या आठवड्यात मामांनी क्रीडाखात्याऐवजी दुसरं खातं मागून सरकार पाडायची धमकी दिली. शेवटच्या दिवशी रजनींनी फोनवर सांगितलं की बाद मतांत बऱ्याच चिठ्ठ्यांवर पेनानं 'पार्की' लिहिलेलं सापडलं. मोजणारे हसत होते, पण मोजून वेगळे ठेवत होते. त्यांचा आवाज खूश होता. "सर, बेरीज पूर्ण जुळली," असं त्या दोनदा म्हणाल्या.

परत आल्या त्याच दिवशी मिस चोंगनी त्यांना कामावरून काढल्याचं पत्र दिलं.

संध्याकाळी त्या माझ्या टेबलाशी आल्या. मी काहीतरी टाइप करत असल्याचं दाखवत होतो. त्या उभ्याच राहिल्या. मी विचारलं, "मेल आहे ना तुमच्याकडे? ती... नावांबद्दलची?"

"आहे ना सर. तुमचं उत्तर पण आहे."

"मग दाखवली का नाही तुम्ही?"

"कोणाला दाखवू? तुम्ही चौघं बसले होते तेव्हा मला कोणी फोन तरी केला का?" आवाज चढवला नाही त्यांनी. "आमच्या मंडळात कोणाला काढायचं असलं तर आधी त्याला बोलावतात. त्याचं ऐकून घेतात. मग पेटी ठेवतात. तिथं पन्नास माणसं आहेत सर, भांडकुदळ आहेत. तरी बोलावतात."

मी म्हणालो की मी लिमशी बोलतो, उद्याच बोलतो, काहीतरी मार्ग निघेल. हे म्हणताना मला ठाऊक होतं की मी बोलणार नाही. त्यांनाही ठाऊक असावं. त्या म्हणाल्या, "नका बोलू सर. पेपरवर सही झालेली आहे. मिलिंद तिकिटं बघून राहिले. पोरीची शाळा जूनमध्ये लागते आपल्याकडं, तेवढं बरं झालं."

मग त्यांनी पर्समधून एक बिल्ला काढून माझ्या कीबोर्डशेजारी ठेवला. रुपयाच्या जुन्या नाण्यापेक्षा थोडा मोठा, पांढरा, त्यावर शेवाळी अक्षरं. "कॉलेजची पोरं वाटत होती चौकात. तुमच्यासाठी आणला होता, पत्र मिळायच्या आधीच."

"काय लिहिलंय?"

वर्षभरात त्या तिकडची भाषा वाचायला शिकल्या होत्या. बोट ठेवून एकेक शब्द वाचत त्यांनी सांगितलं, "पार्की. हा माणूस आपल्याशी अजून एकदाही खोटं बोललेला नाही."

असं म्हणून त्या गेल्या. महिन्याभरात तिघंही नागपूरला गेले. त्यांचा पीआरचा अर्ज पासाबरोबरच निकाली निघाला.

त्या वर्षीच्या गणपतीत मंडळानं मला अध्यक्ष केलं. एकमतानं. राजाध्यक्षांनीच नाव सुचवलं. म्हणाले, ज्या माणसाला परदेशी जनतेनं निवडलं त्याला आपण किती वर्षं ताटकळत ठेवायचं? खूप हशा झाला, टाळ्या पडल्या. मी किस्सा पुन्हा रंगवून सांगितला. मास्तर, मामा, टिश्यूची पाकिटं, सगळं सांगितलं. बायकोनं सुचवलं, "तो बिल्ला लावून ये ना, मजा येईल." बिल्ला हरवला, असं मी तिला सांगितलं. म्हणजे तोवर मी बिल्ल्याबद्दलही खोटं बोललो होतो.

निवृत्त होऊन आता बरीच वर्षं झाली. अजून आम्ही आंग मो किओलाच राहतो, हॉकर सेंटरमध्ये टिश्यूचं पाकीट ठेवून टेबल धरतो. बाल्कनमधलं ते सरकार कधीच पडलं, त्यानंतरची चार पडली. आघाडी सरकारांना हसणारे लेख मी अजून आवडीनं वाचतो. पण अकरा मिनिटांची ती बैठक आठवली की हसू पुरत नाही. त्यांचे निदान पाच पक्ष होते, आणि भांडले तरी टीव्हीवर, सगळ्यांसमोर भांडले.

बिल्ला टेबलाच्या खणात आहे. गंज चढलाय, अक्षरं दिसतात. एवढ्या वर्षांत तो मी छातीला कधी लावलेला नाही.

अहवालात दुरुस्ती करायला आता ती कंपनीही उरलेली नाही, म्हणून ती इथे करतो. चाचणीतली नावं काढावीत, असं रजनी गजभिये यांनी तालमीच्या आधी मला लेखी कळवलं होतं. नावं मी दिली होती, आकडे मी दिले होते, आणि राहू द्या असं उत्तर मी दिलं होतं. जबाबदार व्यक्तीचं नाव: जयंत पारखी.